दशमीचं पाणी

दुबईहून परत आलेल्या माणसाला पुण्यात सोन्याचा भाव विचारतात, नाहीतर इमारतींची उंची. तिथल्या वाळूबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून आता न विचारताच सांगते.

उम्म अल कुवैन हे तिथलं शांत, जरासं पेंगुळलेलं गाव. दुबईपासून गाडीने तासाभराच्या आत. त्याच्यासमोर, खाडीच्या पलीकडे सिनिया नावाचं बेट आहे. १९९७ च्या डिसेंबरात मी तिथे जायला लागले. निसर्ग पाहायची हौस म्हणून गेले असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खरं नाही. मी जळत होते म्हणून गेले.

अल मनखूल

दुबईत आम्ही अल मनखूल भागात राहत होतो, आणि माझा नवरा श्रीधर एका सल्लागार कंपनीत इंजिनीअर होता. त्या कंपनीकडे उम्म अल कुवैनच्या खाडीचा आणि बेटाचा अभ्यास करायचं काम आलं, आणि त्यासाठी स्वीडनहून सहा आठवड्यांकरता एक भूशास्त्रज्ञ बाई आली. करीन तिचं नाव. तेव्हापासून आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नाही.

"अगं, काय कॉन्फिडन्स आहे तिचा! मॅनेजरला मीटिंगमध्ये तोंडावर सांगते, धिस इज नॉट सायन्स. साइटवर एकटी ड्राइव्ह करत जाते. वाळू बघून सांगते, समुद्र कधी कुठे होता."

मी आमटी वाढत होते. वाळू बघून समुद्र कुठे होता ते सांगायला मीही शिकले होते. भूशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि प्रबंध कोकणातल्या पुळणीच्या वाळूवर. लग्नानंतर दुबईला आले तेव्हा पासपोर्टवर शिक्का बसला: गृहिणी, नोकरीची परवानगी नाही. नऊ वर्षं त्या शिक्क्याबद्दल मी तक्रार केली नव्हती. करीनची पंचेचाळिसावी तारीफ ऐकल्यावर मात्र तो शिक्का मला टोचायला लागला.

एका बुधवारी श्रीधरने तिला जेवायला बोलावलं. मी मुद्दाम भरली वांगी आणि सोलकढी केली. वांग्याने तिच्या डोळ्यांतून पाणी काढावं अशी अंधूक इच्छा होती. तिने तीन वांगी खाल्ली, चार वाट्या सोलकढी प्यायली आणि भात हाताने कालवला. मोठ्या हाडाची, उन्हाने तांबूस झालेली, तागाच्या रंगाच्या केसांची बाई. तिच्यात खोट काढायला काही सापडेना, त्यामुळे आणखीनच राग आला.

जेवण झाल्यावर तिने तिच्या बेटाचे फोटो काढले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बेट. झाड म्हणून नाही, सगळा लालसर ग्रॅनाइट, हत्तीच्या पाठीसारखा गुळगुळीत. हजारो वर्षांपूर्वी त्याच्यावरून बर्फ सरकत गेलं, आणि बर्फात अडकलेल्या दगडांनी ओढलेले ओरखडे अजून दिसतात. एके काळी तिथे हेरिंग मासळीचा इतका सुकाळ झाला की माणसांना राहायला जागा पुरेना. मग मासळी गेली आणि घरं रिकामी झाली. एका फोटोत खडकात ठोकलेली लोखंडी कडी होती.

"माझ्या आजोबांचे आजोबा या कडीला होडी बांधायचे," करीन म्हणाली. "आता कडी पाण्यापासून माझ्या गुडघ्याइतकी वर आहे. बर्फाचं ओझं गेल्यापासून आमची जमीन वर येते आहे. हळूहळू, पण दर वर्षी."

मी फोटो हातात धरून बसले. माझं माहेर आंजर्ल्याचं. आमच्या वाडीतून समुद्र दर दोन-चार पावसाळ्यांनी एखादा माड घेऊन जातो. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात उभा असलेला किल्ला, तो मी जन्मभर किनाऱ्यावरून पाहिला, पाय ठेवायला कधी कुणी नेलं नाही. आणि या बाईला बेट वारशात मिळालेलं, तेही दर वर्षी वाढणारं. माणसाचा हेवा वाटतो हे ठाऊक होतं. जमिनीचा हेवा वाटू शकतो हे त्या दिवशी कळलं.

मग ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, आणि ओट्यावर तिला माझा हातोडा दिसला.

"हा कुणाचा?"

"तो ना? कोकोनट फोडायचा," श्रीधर दारातून म्हणाला.

करीनने तो उचलून उलटसुलट केला. एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला टोक, दांड्यावर पांढऱ्या रंगात माझी आद्याक्षरं आणि कॉलेजचा रोल नंबर. "नारळाला टोक कशाला लागतं?" तिने विचारलं, माझ्याकडे बघून.

मी सांगितलं. बाहेर होमवर्क करत बसलेला माझा आठ वर्षांचा मुलगा पेन्सिल खाली ठेवून आत आला. "मम्मी, यू आर अ जिऑलॉजिस्ट? लाइक, फॉर रिअल?" नऊ वर्षांत घरात हा विषय कधी निघाला नव्हता, त्यात त्या पोराची काय चूक.

करीनचा मदतनीस आजारी पडून परत गेला होता. उरलेल्या तीन आठवड्यांसाठी तिला कुणीतरी हवं होतं. "शनिवारी चल," ती म्हणाली. "दोन दिवस काम करून बघू. जमलं तर शेवटपर्यंत तूच." पगाराचं काही बोलणं झालं नाही. पगार कुणाला हवा होता? मला त्या खड्ड्यात उतरायचं होतं, आणि तिच्यापेक्षा चांगलं उतरायचं होतं.

बेटावर, शनिवार

दुसऱ्या दिवशी मीना बाजारात जाऊन पंधरा दिरहमची, म्हणजे दीडशे रुपयांची, कापडी टोपी घेतली. शनिवारी पहाटे करीन गाडी घेऊन आली. हातोडा माझ्या पिशवीत होता, थालिपिठांच्या डब्याशेजारी.

उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर बोटवाला उभा होता. पन्नाशीचा, लुंगीवर जुना स्वेटर घातलेला. माझी टिकली बघून त्याने हिंदीत गाव विचारलं. मी आंजर्लं म्हटल्यावर त्याने हातातला दोर खाली टाकला.

"आंजर्ल्याची? अगो बाय, मी हर्णैचा."

हर्णै म्हणजे आमच्या शेजारचं गाव. इस्माईलभाई पंधरा वर्षं इथे बोटीवर होते. बायको-मुलं हर्णैलाच. मग काय, कोळंबीपासून कड्यावरच्या गणपतीच्या जत्रेपर्यंत सगळं निघालं. आम्ही दोघं हसत होतो आणि करीन नावेच्या पुढच्या टोकाला बसून आमच्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिच्यापेक्षा वरचढ वाटलं. ती चव फार गोड होती, खोटं का बोला.

खाडीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना कांदळवन. झाडं आपल्याकडच्यापेक्षा बुटकी, पण चिखलातून वर आलेली श्वास घेणारी मुळं तीच. उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून उभे होते. बेटाच्या टोकाला पाणकावळ्यांची वस्ती आहे, हजारोंनी. ते दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. "हर्णैच्या सुकटीची आठवण येते ना?" इस्माईलभाई म्हणाले, आणि मला खरोखर घरी गेल्यासारखं वाटलं.

बेटावर डोंगर नाही, खडक जवळजवळ नाही. समुद्राने आणि वाऱ्याने मिळून वाळूचा बांध घातला, त्याच्या आडोशाला चिखल साचला, चिखलात कांदळवन वाढलं, इतकीच त्याची जन्मकथा. मी मूठभर वाळू उचलून भिंगाखाली धरली. कोकणातली वाळू काळपट, टोकदार. ही पांढरी आणि गोलगोल, राजगिऱ्यासारखी. एकेक कण म्हणजे चुन्याचे थर चढत गेलेली गोळी. डब्यात लिंबाची फोड होती ती पिळली, आणि भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. दगडात चुना असेल तर आम्लाने तो फसफसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. करीनकडे त्यासाठी ऐटदार बाटली होती. तिने माझं लिंबू बघितलं, बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "हे जास्त चांगलं. नंतर खाताही येतं."

एवढ्याशा कौतुकाने मी फुलले आणि पुढच्याच अर्ध्या तासात कोमेजले. कारण तिने खड्डा खणला, आत उकिडवी बसली, आणि त्याची भिंत अशी वाचून दाखवली की मी नुसती ऐकत राहिले. तळाला अख्खे शिंपले, म्हणजे तेव्हा इथे शांत पाणी होतं. त्यावर वाळू. त्यावर मिठाची खपली. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा वर होता, मग तो मागे हटला. हे सगळं पुस्तकात मीही वाचलं होतं. पण तिचं बोट थरावरून फिरताना अडखळत नव्हतं. मी नारळ फोडत होते त्या नऊ वर्षांत हे बोट असं तयार झालं होतं.

एक गोष्ट तेवढी मला जास्त येत होती. शिंपल्यांची ओळख मी खाऊन पटवलेली. तिसऱ्या, कालवं, मुळे असे मी भराभर वेगळे करत होते, आणि इस्माईलभाई वरून "ह्या तिसऱ्या न्हाय, बघ नीट," असं म्हणत माझ्या चुका काढत होते. त्यांनी वाळक्या काटक्यांवर मासा भाजला, मी थालिपीठ आणि लसणाची चटणी वाटली, करीनने पुठ्ठ्यासारखी कडक भाकरी काढली. दूर एक हरीण उभं राहून आम्हाला न्याहाळत होतं.

परतताना इस्माईलभाईंनी जुन्या वस्तीच्या खुणा दाखवल्या. पडका बुरूज, वाळूत खापरं. गावातले म्हातारे सांगतात, पूर्वी सगळे इथेच राहायचे. मग गोडं पाणी संपलं आणि गाव उठून समोरच्या किनाऱ्यावर गेलं. करीन एक खापर हातात घेऊन उभी राहिली. तिचं बेट मासळीने रिकामं केलं, हे पाण्याने. "माणसं नेहमी अशीच जातात, एखाद्या साध्या गोष्टीपायी," ती म्हणाली. खापर तिने होतं तिथेच ठेवलं.

रविवार

आता माझी करणी.

बेटाच्या आतल्या बाजूला सपाट पुळण आहे. भरतीला बुडते, ओहोटीला उघडी पडते. रविवारी तिथे ओळीने अकरा खड्डे घ्यायचे होते. आदल्या आठवड्यातले नमुनेही करीनने बरोबर आणले होते, नव्यांशी शेजारी ठेवून ताडून बघायला. धक्क्यावर ती मला म्हणाली, "माझ्याकडचं भरतीचं वेळापत्रक बंदराचं आहे. खाडीच्या आत ते चालत नाही. इस्माईलला विचार, आपल्याला किती वाजेपर्यंत वेळ आहे."

इस्माईलला विचार. मी समोर उभी असताना. समुद्रकाठची मुलगी, प्रबंध पुळणीवर.

कोकणात भरतीसाठी वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. माझ्या आजीला घड्याळ कळत नव्हतं, पण हे कळायचं. दुबईत फ्रीजवर लावलेल्या मराठी कॅलेंडरात मी निघतानाच पाहून ठेवलं होतं: दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती, दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि तीनपर्यंत पुळण आपली.

तरी मी विचारलं. इस्माईलभाईंनी आधी आकाशाकडे पाहिलं.

"दहाला आटपा, बाय. शमाल सुटलाय."

"पण आज दशमी ना, इस्माईलभाई? दीडला सुकती."

"तो हिशेब हर्णैला. इथला पाणी आपल्या तिथीन येत न्हाय. आणि शमाल म्हंजे वायव्येचा वारा, तो पाणी आत ढकलतो. दहा म्हंजे दहा."

करीनने विचारलं, "काय म्हणतो?"

"तीनपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले.

हे मी का केलं, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. मला वाटत होतं माझंच बरोबर आहे, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की करीनने घड्याळ बघून मान हलवावी आणि नंतर श्रीधरला ऑफिसात सांगावं, नीलाला पाण्याचं सगळं कळतं.

आम्हाला सोडून इस्माईलभाई नाव घेऊन मासळीच्या दुसऱ्या फेरीला गेले. दहाच्या ठोक्याला परतून त्यांनी लांबून हात केला. मी हातानेच "थांबा" केलं. सपाट पुळणीवर खड्ड्यांच्या शेजारी कापडी पिशव्या मांडल्या होत्या, चौतीस, प्रत्येकीला चिठ्ठी. साडेदहाला माझ्या चपलेच्या कडेला पाणी लागलं. मी पाय उचलून दुसरीकडे ठेवला. अकराच्या आत पाणी घोट्यावर आलं, कुठल्या बाजूने तेही कळेना, सगळीकडूनच आलं.

करीन ओरडली नाही. ती पिशव्यांचे नंबर म्हणत पाण्यातून धावत होती आणि मी तिच्यामागे. इस्माईलभाईंनी नाव जितकी आत आणता येईल तितकी आणली आणि लुंगी खोचून उतरले. सात पिशव्या कोरड्या हाती लागल्या. बाकीच्या एक तर वाहून गेल्या, नाहीतर आतली वाळू पाण्यात कालवून निकामी झाली. आदल्या आठवड्याचं तिचं सगळं काम त्यात होतं.

नावेत करीन उरलेल्या पिशव्या मोजत बसली. इस्माईलभाईंनी मला प्यायला पाणी दिलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण सकाळी मी एकच वाक्य बोलले होते आणि त्यात 'थ्री' होतं, एवढं त्यांना नक्की कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

गाडीत बसल्यावर करीन म्हणाली, "त्याने मुद्दाम केलं नसेल, पण असा अंदाज चुकणारा माणूस मला परवडणार नाही. उद्या ऑफिसला सांगते, दुसरा बोटवाला द्या."

अजमान गेलं, शारजा आलं. अल मजाजच्या सिग्नलला गाडी थांबली, डाव्या हाताला तळ्यात कारंजं उडत होतं आणि काठावर बायका मुलांना घेऊन चालत होत्या. हर्णैला इस्माईलभाईंची धाकटी मुलगी बारावीला होती, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही तर माझं काम टिकणार होतं आणि त्यांचं जाणार होतं. सिग्नल हिरवा झाला तेव्हा मी म्हणाले, "त्याने दहा सांगितलं होतं. तीन मी सांगितलं."

करीनने गाडी बाजूला घेतली. मी सगळं सांगितलं, तिथी, पाऊणपट, आजी, आणि ती आल्यापासून मी कशी जळतेय तेही. ती समोर काचेतून बघत होती.

"काल दिवसभर तुम्ही दोघं बोलत होता, हसत होता," ती शेवटी म्हणाली. "तीन आठवडे मी त्या माणसाबरोबर बोटीत बसते आहे आणि मला त्याच्याशी एक वाक्य बोलता येत नाही. तू आलीस तेव्हा मला वाटलं, आता मला सगळं कळेल."

मनखूलला माझ्या दारात तिने गाडी थांबवली. "गुरुवारी अकरा खड्डे परत," ती म्हणाली. "खणणार तू. एकटी. नंतर आदल्या आठवड्यातलेही."

गुरुवारपासून

मी खणलं. अकरा आणि मग वीस. तळहाताला फोड आले, आणि घरी पोळ्या लाटताना श्रीधरला ते दिसले. "अगं, लेबर पाठवू का ऑफिसमधून?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्याने माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या स्वतः लाटल्या. त्या कुठल्याच बेटाच्या आकाराच्या नव्हत्या.

पहिल्याच दिवशी धक्क्यावर मी इस्माईलभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, "चुकी तिथीची न्हाय, बाय. तिथी आपल्या जागी बरोबर हाय." एवढंच. नंतर रोज सकाळी ते पाण्याची वेळ सांगायचे आणि मी शब्दाला शब्द लावून करीनला सांगायची. ती वहीत लिहायची. खड्ड्याच्या भिंतीवरून माझं बोटही हळूहळू कमी अडखळायला लागलं. करीन काठावर बसून बघायची, क्वचित "नाही, परत बघ" म्हणायची. मला अजून तिचा हेवा वाटायचा, पण आता तो वाटायला वेळ कमी मिळायचा.

जानेवारीत ती गेली. मार्चमध्ये श्रीधरने ऑफिसातून अहवालाची एक प्रत आणली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. आभाराच्या चार ओळी होत्या. प्रबंधानंतर माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ते दुसऱ्या क्रमांकावर होतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. इस्माईलभाई धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी त्यांच्याशेजारी टेकले आणि अहवाल उघडला.

"काय लिवलाय?" त्यांनी विचारलं.

मी अजून थोडी जळत होते. मी वाचून दाखवलं. खाडीतल्या पाण्याच्या सर्व वेळा हर्णैच्या इस्माईल यांनी सांगितल्या, त्या एकदाही चुकल्या नाहीत, आणि त्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं. त्यानंतर माझं नाव, एका ओळीत. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं, त्यांचं नाव आधी, माझं नंतर, आणि दोन्ही वेळा एकही शब्द गाळला नाही.